बाईंच्या सात लाल वह्या (सोलापूर, पूर्व भाग)

गिरणीचा भोंगा (धागाकर्ता)
मंगळवार, रात्री ९:४०

गेल्या महिन्यात आमच्या बाई गेल्या. वय ९१. नाव लिहीत नाही. एक तर त्यांना ते आवडलं नसतं, आणि पूर्व भागातले लोक चार ओळींत ओळखतीलच.

माझं कन्ना चौकाच्या बाजूला झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. बाई माझ्या शिक्षिका नव्हत्या, थोरल्या बहिणीच्या होत्या. माझी ओळख त्या रिटायर झाल्यावरची, १९९२ नंतरची, गिऱ्हाईक म्हणून. गिऱ्हाईक तरी कसलं! दोन रुपयांच्या झेरॉक्ससाठी अर्धा तास उभ्या राहून अर्जातल्या चुका काढायच्या, त्या संपल्या की माझ्या टायपिंगमधल्या. 'निर्वाह' मी एकदा 'निरवाह' केला होता, त्याची आठवण पुढं वीस वर्षं मिळत राहिली.

जन्म १९३४. वडील गिरणीत. घरात कन्नड. सातवीची फायनल झाली आणि १९५२ ला बोर्डाच्या शाळेत चिकटल्या. ट्रेनिंग नंतर केलं. (तेव्हा महापालिका नव्हती, ती १ मे १९६४ ला झाली. म्युनिसिपालिटीचं स्कूल बोर्ड होतं, म्हणून आमच्याकडची जुनी माणसं अजून 'बोर्डाची शाळा' म्हणतात.) शाळा मराठी, पण वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुली घरी तेलुगू बोलणाऱ्या, विणकरांच्या. काही कन्नड, काही उर्दू. बाई सांगायच्या, पहिल्या वर्षात मी चार भाषांतलं एकच वाक्य शिकले. का आली नाहीस? याक बरलिल्ल? एंदुकु रालेदु? क्यों नहीं आयी? बाकीची भाषा त्या वाक्याला जी उत्तरं मिळाली त्यातून आली म्हणे.

आता वह्यांचं. त्यासाठीच धागा काढलाय.

पेढीवर असते तसली लांबट, लाल कापडी बांधणीची खतावणी. अशा सात. पहिली १९५६ ची, शेवटची १९९१ ला संपते. शाळेत यायची बंद झालेल्या प्रत्येक मुलीची यात नोंद आहे. नाव, बापाचं नाव, आडनाव, जात, बोळ, कुठल्या शाळेत कितवीत होती, शाळेत नाव कधी घातलं, जन्म कधीचा आणि का येत नाही. शाळेच्या रजिस्टरला या सगळ्या मुलींपुढं एकच शेरा असायचा: 'सतत गैरहजर, नाव कमी'. बाईंच्या वहीत मात्र असं आहे (नावं गाळलीत; कांड्या म्हणजे मागाच्या, पान म्हणजे विडीचं):

'इ. २ री. श्रावणापासून नाही. भाऊ झाला, सांभाळायला.'

'इ. ३ री. कांड्या भरते. वडील म्हणाले दिवाळीनंतर पाठवतो. दिवाळी झाली. गेले. म्हणाले दिवाळीनंतर पाठवतो.'

'इ. ४ थी. पान कापायला बसवली. हात चांगला चालतो, असं आई कौतुकानं म्हणाली.'

'इ. १ ली. चप्पल.'

एवढंच, चप्पल. आणि त्याच्यापुढं वेगळ्या शाईत 'आली'. ज्या परत आल्या त्यांच्यापुढं हिरव्या शाईत 'आली' आहे. १९७२-७३ ची पानं उलटली तर हिरवं जवळजवळ दिसतच नाही. दुष्काळातल्या त्या दोन वर्षांत खेड्यातून शहरात आलेली आणि कामाच्या मागं पुन्हा निघून गेलेली पोरं त्यात आहेत.

बाईंनी या वह्या पोरींना शाळेत ओढून आणायला लिहिल्या. त्यात त्यांना किती यश आलं ते हिरवी शाई मोजून कळेल, मी मोजलेलं नाही. पण या वह्यांचा खरा उपयोग चाळीस वर्षांनी झाला, आणि तो माझ्या दुकानात माझ्या डोळ्यांपुढं झाला.

शाळा सुटलेल्या यातल्या बहुतेक पोरी विडीला बसल्या. विडी कामगारांना पीएफ लागू झाला १९७७ ला. कारखान्यात नाव लिहिताना मुनीम विचारायचा, वय? बाई म्हणायची, माहीत नाही. मुनीम तोंडाकडं बघून लिहायचा, अंदाजे २५. आता १९९५ च्या योजनेतली पेन्शन मिळते ५८ ला. खऱ्या ६० वर्षांची बाई कागदावर ५२ ची. दिवसाला हजार विड्या वळून मान आणि बोटं कामातून गेलेली, आणि कार्यालय म्हणतं अजून सहा वर्षं थांबा. शिवाय कार्डावर सासरचं नाव, ते कधी लक्ष्मीबाई, कधी लक्ष्मव्वा, कधी लक्ष्मम्मा. जन्माचा दाखला काढायचा तर बाळंतपण घरात झालेलं, नोंद नाही. शाळेत गेला होता का मावशी? एक वर्ष गेलते. कुठल्या? ते कुठं आठवतंय.

इथं वही उघडायची. बाईंची वही पुरावा म्हणून कुणी घेत नाही, घ्यायलाही नको. पण वहीवरून शाळा आणि साल कळतं. ते कळलं की त्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा (नाव घातल्याच्या नोंदवहीचा) उतारा मागता येतो, आणि तो उतारा चालतो. बाई रिटायर झाल्यावर दर बुधवारी हे करायच्या. मी झेरॉक्स काढायचो. किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपये आहे. महिन्याला हजार. ऐकणाऱ्याला काहीच वाटत नाही, पण ते मिळावेत म्हणून किती बायका माझ्या पायरीवर बसून गेल्या ते मला माहीत आहे.

प्रश्न असा. वह्या सध्या बाईंच्या पुतणीकडं आहेत. घर लहान, वाळवी लागायला सुरुवात झाली आहे. मुलगा पुण्यात असतो, तो म्हणाला तुम्ही ठरवा. (तो दहाव्याला एक वाक्य बोलला ते सांगतो. 'आईच्या वहीत माझं नाव नाही, कारण मी रोज शाळेत जात होतो.' हसत म्हणाला, पण आम्ही कुणी हसलो नाही.) या वह्यांचं काय करावं? वाचनालयाला द्याव्यात, स्कॅन करून इथंच टाकाव्यात, का आणखी काही?

---

कडकभाकरी
मंगळवार, रात्री १०:०५

भोंग्या, लै दिवसांनी लिवलास बे. वाचून कसंतरीच झालं. आमची आत्या पण ह्याच शाळेत होती, तिसरीपर्यंत. मी आता पुण्यात असतो. गेल्यावेळी गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेला) आलतो तेव्हा बाई दिसल्या होत्या, पार्क चौकात, एकट्याच, हातात कापडी पिशवी. मी म्हटलं ओळखलं का? तर म्हणल्या, चेहरा नाही, आडनाव सांग. आडनाव सांगितलं तर आजोबा कुठल्या मागावर होते ते त्यांनी सांगितलं.

मतदान: स्कॅन करा.

---

शेंगाचटणी
मंगळवार, रात्री १०:३१

स्कॅन करून 'इथं टाकायला' माझा ठाम विरोध. माझ्या सासूबाई चौथीतून निघाल्यात. त्यांचं नाव त्या वहीत असणार. कारण काय लिहिलंय ते मला कळलं तर त्यांना चालेल का? त्यांना विचारलं कधी कुणी? बाईंनी ते लिहिलं तेव्हा ती आई आणि बाईंमधली गोष्ट होती. आता सुना-नातवंडांनी फोनवर वाचायची?

बाकी धागा छान. साक्षरता वर्गाचं काहीच लिहिलं नाहीत, ते पण लिहा.

---

गिरणीचा भोंगा
मंगळवार, रात्री ११:१५

शेंगाचटणी, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. कारणांच्या रकान्यात फक्त चप्पल आणि भाऊ नाहीत. 'लग्न लावून दिलं' आहे, इयत्ता पाचवी. आणखीही आहे, ते इथं लिहीत नाही. स्कॅनचं थांबवतो.

साक्षरता वर्ग: नव्वदच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेचे दिवस होते. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ चं, त्याचं वारं आपल्याकडं पोचायला एक-दोन वर्षं गेली. सगळीकडं संध्याकाळचे वर्ग, कंदील, पाटी-पेन्सिल. आमच्या गल्लीत पहिल्या आठवड्यात तीस बायका आल्या, दुसऱ्या आठवड्यात चार. बाईंनी घरोघर जाऊन तोच प्रश्न विचारला, का आला नाही. उत्तर सोपं होतं. हातात पाटी धरली की विडी थांबते. हजार पुऱ्या झाल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी कारखान्यात तोंड काय दाखवायचं?

मग बाईंनी पाटी बंद केली. शाळेतला जुना गुंडाळफळा आणून एका वाड्याच्या ओसरीत, बायका विड्या वळत बसतात त्यांच्या बरोबर समोर, नजरेच्या उंचीवर टांगला. वाचायला हात लागत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी ते बघितलंय. मांडीवर सूप, सुपात जर्दा, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली कापलेली पानं. बोटं आपली चाललेली, पान घेतलं, जर्दा पसरला, वळलं, टोक दुमडलं, दोरा. आणि डोळे वर फळ्यावर. कुणी विडीकडं बघत नाही, विडी बोटांना पाठ असते. फळ्यावर कमळ-बदक नव्हतं. पहिला शब्द 'पान'. मग 'दोरा'. मग 'छाट'. नाकारलेल्या विड्यांना छाट म्हणतात, त्या मजुरीतून जातात. अक्षरांच्याही आधी आकडे शिकवले, कारण कार्डावर आज किती विड्या लिहिल्या आणि छाट किती काढली, हे त्या बायकांना त्याच रात्री वाचता आलं पाहिजे, असा बाईंचा हट्ट.

लिहायला शिकवलं ते फक्त सही. बाई म्हणायच्या, बाकीचं ज्यांना वेळ मिळेल त्या शिकतील.

---

मागच्या बाकावरचा
बुधवार, सकाळी ७:५०

श्रद्धांजली. पण थोडं वेगळं लिहितो, राग मानू नये.

पोरं कमी पडायला लागली तेव्हा मुलींच्या शाळेत मुलांचेही वर्ग सुरू केले होते, त्या काळात मी बाईंच्या हाताखाली दोन वर्षं होतो. फूटपट्टी उभी धरून बोटांच्या पेरावर मारायच्या. गैरहजर राहिलो की घरी यायच्या, वडिलांपुढं शांतपणे दोन वाक्यं बोलून जायच्या. त्या गेल्या की वडील पट्टा काढायचे. बाईंना ते माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. मी दहावी झालो, आयटीआय केलं, आज अक्कलकोट रोडला एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. त्याचं श्रेय बाईंना देतो का? देतो. पण आजही कुणी दाराची कडी वाजवली की पोटात गोळा येतो, त्याचंही थोडं श्रेय त्यांनाच.

लोक गेले की आपण लगेच त्यांना देव्हाऱ्यात बसवतो. बाई चिडतील त्याने.

---

कडकभाकरी
बुधवार, सकाळी ८:२०

तुमच्या वेळी सगळेच मारत होते की ओ. त्यात काय.

---

मागच्या बाकावरचा
बुधवार, सकाळी ८:२६

सगळे मारत होते म्हणून दुखत नव्हतं असं नाही ना.

---

निवृत्त लिपिक
बुधवार, दुपारी १२:१०

मी शिक्षण खात्यात दप्तर सांभाळलं आहे, म्हणून दोन गोष्टी.

एक. बाईंची स्वतःची जन्मतारीख रेकॉर्डला १ जून १९३४ होती. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो हे सगळ्यांना माहीत आहे. शाळा जूनला उघडायची, पोराला घेऊन बाप यायचा, गुरुजी सहा वर्षं मागं मोजून १ जून टाकून मोकळे. बाईंच्या आईच्या सांगण्याप्रमाणं जन्म दसऱ्याच्या आसपासचा. महिन्याच्या १ तारखेचा जन्म असला की निवृत्ती आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे ५८ च्या हिशेबानं ३१ मे १९९२. त्या मला म्हणाल्या होत्या, 'तुमच्या गुरुजींच्या आळसापायी माझा चार महिन्यांचा पगार गेला.' मी काय बोलणार.

त्यामुळेच की काय, त्यांच्या वर्गात नाव घालताना १ जून फार कमी सापडतो. त्या आईला विचारायच्या. रथाच्या आधी का नंतर? (बाहेरच्यांसाठी: नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो.) गड्ड्यात अक्षता पडल्या तेव्हा पोटात होती का मांडीवर? नागपंचमीला झोका बांधला होता का? मग जुनी पंचांगं काढून तारीख बसवायच्या. शंभर टक्के बरोबर आली असेल असं नाही, पण मुनिमाच्या 'अंदाजे' पेक्षा कितीतरी जवळची.

दोन. जनरल रजिस्टर हे कायमचं दप्तर आहे, ते नष्ट करता येत नाही. शाळा बंद पडली किंवा दुसऱ्या शाळेत मिसळली तरी रजिस्टर त्या दुसऱ्या शाळेकडं जातं. पूर्व भागात हे बरंच झालंय. तेव्हा 'शाळाच राहिली नाही' असं कुणी खिडकीवर सांगितलं तर परत फिरू नका, दप्तर कुठं वर्ग झालं ते विचारा. उतारा हातात आला की तो लॅमिनेट करू नका. दरवेळी सांगतो, दरवेळी लोक करतात.

---

गिरणीचा भोंगा
बुधवार, दुपारी १:००

लॅमिनेशनचे पैसे मलाच मिळतात, पण साहेब म्हणतात ते खरं आहे.

एक भर घालतो. लोक म्हणतात आता आधार आहे, हे सगळं कशाला? पीएफवाल्यांनी जानेवारी २०२४ ला परिपत्रक काढून जन्मतारखेच्या पुराव्यांमधून आधार काढून टाकलं. त्यानंतर माझ्या पायरीवरची गर्दी वाढली. आणि आधारवर तरी काय होतं, कितीजणींच्या कार्डावर नुसतं साल किंवा १ जानेवारी. जून गेला आणि जानेवारी आला, एवढाच फरक.

---

पूर्वभागकर
बुधवार, रात्री ९:१२

मी पद्मशाली. घरात अजून तेलुगू. हा प्रतिसाद लिहावा का नाही म्हणून दिवसभर थांबलो.

माझी आई तेलुगू शाळेत होती. महापालिकेच्या तेलुगू शाळा होत्या आपल्याकडं, मराठी-कन्नड-उर्दूबरोबर. बाईंनी आजोबांना समजावून आईला तिथून काढून मराठी शाळेत घातलं. पुढं तेलुगूत शिकून काय करणार, फॉर्म मराठीत, नोकरी मराठीत, कोर्ट-कचेरी मराठीत. त्यांचं चूक होतं असं म्हणत नाही. आई सातवी झाली. पण आज आमच्या घरात पाच माणसं तेलुगू बोलतात आणि एकालाही वाचता येत नाही. आजोबांच्या हातची पत्रं आहेत ट्रंकेत, हैदराबादकडच्या भावाला लिहिलेली, न टाकलेली. काय लिहिलंय माहीत नाही. गुगलवर फोटो टाकून बघितला, हाताची अक्षरं त्याला लागत नाहीत.

बाईंचं काम मोठं. पण एक दार उघडताना दुसरं लागलं, हेही कुठल्यातरी वहीत लिहिलं पाहिजे.

---

शेंगाचटणी
बुधवार, रात्री ९:३०

पूर्वभागकर, हे लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडं कन्नडचं अगदी असंच झालं. मी आज्जीशी कन्नड बोलायचे, माझ्या मुलीला 'ऊटा आयता' एवढंच येतं.

---

गिरणीचा भोंगा
बुधवार, रात्री १०:५०

पूर्वभागकर, याला माझ्याकडं उत्तर नाही. एक माहिती आहे ती सांगतो, उत्तर म्हणून नाही.

बाई साठीनंतर तेलुगू लिपी शिकल्या. बोलता पहिल्यापासून येत होतं, वाचता येत नव्हतं. कारण पेन्शनचंच. माहेरचं आडनाव सिद्ध करायला बायका जुन्या लग्नपत्रिका आणायच्या, त्या तेलुगूत. बाईंना त्या दुसऱ्याकडून वाचून घ्याव्या लागायच्या आणि ते त्यांना खपायचं नाही. बालवाडीचं तेलुगू पुस्तक आणून माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून गिरवायच्या. समोर बसलेल्या विडीवाल्या मावश्या चुका काढायच्या. त्यातल्या एक मावशी तेलुगू शाळेत दुसरीपर्यंत गेलेल्या, त्या बाईंना म्हणाल्या, 'टीचरम्मा, वळण चांगलं नाही.' बाईंनी ते पान पुसून पुन्हा काढलं.

तुमच्या आजोबांची पत्रं घेऊन दुकानात या. त्या मावशी आहेत अजून. हातचं अक्षर लागेल का ते बघू.

---

सिव्हिलसमोर
गुरुवार, सकाळी ६:४५

थोडं अवांतर, पण बाईंचंच आहे.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. पहाटे चारच्या सुमाराला आपल्याकडंही भांडी वाजली होती, लोक रस्त्यावर आले होते. सकाळ वर आली तशा जखमींच्या गाड्या सिव्हिलला यायला लागल्या. माझं घर समोरच, म्हणून मी तिथं होतो. तरुण पोरं रक्त द्यायला रांगेत, कुणी चहा, कुणी चादरी. सोलापुरात चादरींना काय तोटा! गठ्ठेच्या गठ्ठे आले.

बाई आल्या त्या वही घेऊन. लाल नव्हे, शाळकरी शंभरपानी. खाटेखाटेपाशी जाऊन विचारत होत्या, गाव कुठलं, घरात किती माणसं, तुमच्याबरोबर गाडीत कोण होतं, कोण मागं राहिलं. मराठीत, नाही कळलं तर कन्नडमध्ये. डॉक्टरांना वेळ नव्हता आणि तो त्यांचा दोषही नव्हता. संध्याकाळी गावाकडून माणसं शोधत यायला लागली, तेव्हा त्यांना सांगता येईल अशी यादी बाईंच्या हातात होती. कोण कुठल्या वॉर्डात. आणि काही जणांना, नाही, इथं आणलेलं नाही, हे सांगायचं कामही त्यांनीच केलं. मी बाजूला उभा होतो. त्या वाक्यानंतर त्या दरवेळी वही मिटायच्या, समोरच्याचं रडून होईपर्यंत उघडायच्या नाहीत.

ती शंभरपानी वही सातांत आहे का?

---

गिरणीचा भोंगा
गुरुवार, सकाळी ८:०५

नाही. पुतणीला विचारलं. त्यांच्या आठवणीप्रमाणं ती तेव्हाच कुणीतरी यादीसाठी मागून नेली, परत आली नाही.

---

कडकभाकरी
गुरुवार, सकाळी ८:४०

बुधवारच का बे? बाजाराचा वार तर मंगळवार.

---

गिरणीचा भोंगा
गुरुवार, सकाळी ८:५२

आमच्या भागातल्या पाण्याच्या पाळीवर ठरलं होतं सुरुवातीला. उजनीचं पाणी कधी चार दिवसांनी, कधी पाच. पाण्याच्या दिवशी कुठली बाई घर सोडणार? पुढं पाण्याचा वार सरकत गेला, बुधवार मात्र राहिला. मग ज्या बुधवारी पाणी यायचं त्या बुधवारी बाई एकट्याच येऊन बसायच्या आणि मला उन्हाळा, महापालिका आणि माझं शुद्धलेखन यावर ऐकवायच्या.

---

निवृत्त लिपिक
गुरुवार, सकाळी ११:३०

मूळ प्रश्नावर येतो. वह्यांत नाव, जात, जन्मतारीख, पत्ता, घरची कारणं, सगळं आहे. त्यातल्या बहुतेक बायका हयात. तेव्हा उघड्यावर काहीही नको. माझी सूचना:

वह्यांची एक सूची करावी. फक्त माहेरचं आडनाव, वडिलांचं नाव, शाळा, नाव घातल्याचं साल, वही व पान. कारणाचा रकाना आणि जात सूचीत घ्यायची नाही. सूची भोंगा यांच्या दुकानात राहील, इंटरनेटवर नाही. कुणी स्वतःची किंवा आईची नोंद विचारायला आलं तर तेवढंच साल-शाळा सांगायचं. कारण वाचायचं असेल तर ती बाई स्वतः आली पाहिजे, आणि तिनं एकटीनं वाचायचं. वह्या डांबराच्या गोळ्यांत न ठेवता कडुनिंबाचा पाला आणि कोरडं कपाट. मला वेळच वेळ आहे, सूची मी करतो.

---

शेंगाचटणी
गुरुवार, सकाळी ११:४४

याला माझी संमती. सासूबाईंना आज विचारलं, बाईंच्या वहीत तुमचं नाव असेल, बघायचंय का. म्हणाल्या, मला माहीत आहे काय लिहिलंय, माझ्यासमोर लिहिलं होतं. पुढं काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

---

मागच्या बाकावरचा
गुरुवार, दुपारी १:१५

कपाटाचं बघतो. युनिटमध्ये पावडर कोटिंग केलेलं स्टीलचं एक पडून आहे, वाळवी लागणार नाही. शनिवारी टेम्पोनं पाठवतो. कुलूप तुम्ही घ्या.

---

पूर्वभागकर
गुरुवार, रात्री ८:२०

पत्रं घेऊन येतो येत्या बुधवारी. सूचीत तेलुगू आडनावं मराठीत लिहिताना घोळ होईल, निवृत्त लिपिक यांना हवं असेल तर मी बसेन बरोबर.

---

पहिलाच प्रतिसाद
शुक्रवार, रात्री ११:५८

नमस्कार. मी इथं फक्त वाचते, खातं आज काढलं. आम्ही कुंभारीला विडी घरकुलमध्ये राहतो. माझी आई विड्या वळते. कार्डावर वय ५३ आहे, ती म्हणते मी ५९ ची तरी आहे, कारण दुष्काळाच्या साली शाळेत घातलं होतं एवढं तिला आठवतं. शाळा साखर पेठेकडची होती एवढंच सांगते. हिरव्या दाराची होती म्हणते. दाखला नाही, जन्माची नोंद नाही. आईला चालत यायला त्रास होतो, मी एकटी आले तर चालेल का? शाळा आणि साल कळलं तरी पुरे. कारण नको.

---

गिरणीचा भोंगा
शनिवार, सकाळी ६:१०

चालेल. व्यनि (खाजगी निरोप) केला आहे, त्यात दुकानाचा पत्ता आहे. येताना आईचं माहेरचं आडनाव, आजोबांचं नाव आणि तेव्हा कुठल्या बोळात राहायचे ते लिहून आणा. सासरचं नाव नको, वहीत ते नसणार. आणि आईला विचारून ठेवा, जन्म रथाच्या आधीचा का नंतरचा.

दाराचं पण लिहून आणा. हिरवं दार मलाही आठवतंय.